छातीच्या फोटोवर आकडा नको, नाव हवे : कामगारांच्या आरोग्य-नोंदींविषयी खुले पत्र

प्रति,
माननीय कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
माननीय संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र राज्य
माननीय महासंचालक, कर्मचारी राज्य विमा महामंडळ

विषय : कामातील इजा व रोगांच्या नुकसानभरपाईसाठी लागणाऱ्या वैद्यकीय नोंदी जपणे, त्या कामगाराला मिळणे आणि त्यांची गुप्तता राखली जाणे.

महोदय,

गेल्या महिन्यात माझा धाकटा भाऊ पहिली पाळी संपवून घरी आला, तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात पुठ्ठ्याचे एक टोकन होते. कारखान्याच्या आवारात तपासणीची गाडी आली होती. शंभरेक मुलांना रांगेत उभे करून छातीचे फोटो काढले, कानाला यंत्र लावून ऐकू येते का ते पाहिले, रक्त घेतले आणि प्रत्येकाला एक आकडा देऊन परत मशीनवर पाठवले. रिपोर्ट कधी मिळेल असे त्याने विचारले, तर 'रिपोर्ट कंपनीकडे जातो' असे उत्तर आले. आबा, म्हणजे आमचे वडील, ते टोकन हातात घेऊन बराच वेळ नुसते बसून राहिले. असाच एक आकडा त्यांच्याकडेही आहे आणि आमचे घर त्या आकड्यापायी गेली दोन वर्षे हेलपाटे घालत आहे.

हे पत्र मी आपल्याला उघडपणे लिहिते आहे, कारण हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि चाळिशीपुढच्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी होईल, असे केंद्र सरकारने जाहीर केले. तपासणी व्हायलाच हवी. पण त्या तपासणीतून निघणारा कागद कुणाच्या हाती जाणार, तो किती वर्षे राहणार आणि नुकसानभरपाई मागायची वेळ आली म्हणजे कामगाराच्या कामी येणार की त्याच्याविरुद्ध वापरला जाणार, याविषयी मला अजून कुठे स्पष्ट वाचायला मिळालेले नाही.

आबांनी १९९८ ते २०२१ अशी २३ वर्षे कोल्हापूर भागातील एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याच्या कारखान्यात, फेटलिंगचे काम केले. ज्यांनी फौंड्री पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते : साच्यातून काढलेल्या कास्टिंगला भाजून घट्ट चिकटलेली वाळू छिन्नीने आणि ग्राइंडरने साफ करणे, म्हणजे फेटलिंग. ती वाळू म्हणजे सिलिका. ग्राइंडरखाली तिची जी पूड होते, तिच्यातले सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि तेच फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. आबा घरी येत तेव्हा त्यांच्या पापण्यांवर आणि कानांमागे राखाडी थर असे; आई त्यांना आत न घेता अंगणातच अंघोळीला बसवी. २०१९ मध्ये खोकला आणि धाप सुरू झाली. क्षय म्हणून एकदा औषधे झाली, मग पुन्हा एकदा झाली. अखेर २०२३ च्या नोव्हेंबरात एका सरकारी रुग्णालयातील छातीच्या डॉक्टरांनी त्यांना विचारले, 'मामा, काम काय करत होता?' तोवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. सीटी स्कॅन झाला आणि कागदावर 'सिलिकोसिस' हा शब्द आला. हा रोग बरा होत नाही. आबा आज ५६ वर्षांचे आहेत आणि आमच्या घराच्या पाच पायऱ्या चढताना ते दोनदा थांबतात.

सिलिकोसिस हा कामातून होणारा रोग आहे, हे कायद्याने केव्हाच मान्य केलेले आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तो होता आणि १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यातही होता. आमच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात रोगाविषयी कुणी वाद घातलेला नाही. सगळे घोडे कागदावर अडले आहे.

आबांकडे छातीची एक जुनी फिल्म आहे, २०१२ सालची. ती त्यांच्याकडे आली तीसुद्धा चुकून. गाडीवरच्या मुलाने घाईत ती टोकनाबरोबर त्यांच्या हातात दिली आणि आबांनी ती घरी आणून गादीखाली ठेवली. मी ती डॉक्टरांना दाखवली तेव्हा त्यांनी ती खिडकीपाशी धरली आणि दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागातले बारीक ठिपके मला बोटाने दाखवले. म्हणजे रोगाची खूण २०१२ मध्येच उमटली होती. ती वेळीच सांगितली असती तर आबांना त्या धुळीतून नऊ वर्षे आधी बाहेर काढता आले असते. फिल्मच्या कोपऱ्यात तारीख आहे आणि 'सी-४७' असा आकडा आहे. नाव नाही. कोणता आकडा कुणाचा, याची यादी कारखान्याकडे होती. सुनावणीत आम्हाला विचारले गेले की ही फिल्म तुमच्याच वडिलांची कशावरून, आणि त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आम्ही त्या यादीसाठी आणि बाकीच्या वर्षांच्या फिल्मसाठी कारखान्याकडे रीतसर अर्ज केला. तीन वर्षांपलीकडचे रेकॉर्ड ठेवत नाही, असे लेखी उत्तर आले. टाइम ऑफिसात काम केलेल्या एका जुन्या गृहस्थांनी आबांना खासगीत सांगितले की, जुन्या फिल्म वजनावर दिल्या. फिल्ममधून चांदी निघते. महोदय, माझ्या वडिलांच्या आजाराचा पुरावा किलोच्या भावाने गेला आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

कायदा या बाबतीत मुका नव्हता. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात कलम ४१ सी घातले गेले. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात अपायकारक पदार्थांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या अचूक व अद्ययावत नोंदी मालकाने ठेवाव्यात आणि त्या कामगाराला पाहायला मिळाव्यात, असे त्यात लिहिले होते. धोकादायक प्रक्रियांच्या यादीत फौंड्री नावानिशी होती. त्याच अधिनियमाच्या कलम ८९ प्रमाणे सिलिकोसिससारखा रोग असल्याचे ज्या डॉक्टरला वाटेल, त्याने विनाविलंब मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायचे होते. न कळवल्यास दंड होता जास्तीत जास्त १,००० रुपये. आता त्या अधिनियमाची जागा संहितेने घेतली आहे. पण आबांची २३ वर्षे जुन्या कायद्याखाली गेली आणि त्या काळात असा एकही कागद त्यांना दाखवला गेला नाही.

तीन वर्षांचा हा हिशेब कुठून आला, ते मला माझ्या नोकरीमुळे ठाऊक आहे. मी एका खासगी रुग्णालयाच्या नोंदी विभागात, म्हणजे आम्ही ज्याला एमआरडी म्हणतो तिथे, नऊ वर्षे काम करते. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात, असे आहे. मोडलेल्या हाडाला तीन वर्षे पुरेशी आहेत. सिलिका मात्र शरीरात दहा-दहा, वीस-वीस वर्षे गप्प बसून असते आणि ती बोलू लागते तेव्हा कागद नष्ट झालेला असतो. हे आपल्या देशाला ठाऊक नाही असेही नाही. जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला की, प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी. अमेरिकेत घातक द्रव्यांशी संबंध आलेल्या कामगारांच्या वैद्यकीय नोंदी नोकरीचा काळ आणि वर ३० वर्षे ठेवण्याचा नियम आहे. जो न्याय ॲस्बेस्टॉसच्या धुळीला लावला, तो फौंड्रीच्या, दगडखाणीच्या, सूतगिरणीच्या धुळीला का लावू नये? मुंबईच्या गिरण्या बंद झाल्या, जमिनींचा चौरस फुटापर्यंत हिशेब झाला. त्या गिरण्यांच्या दवाखान्यांतील वह्या कुणाकडे सोपवल्या, हेही शासनाने कधी तरी जाहीर करावे.

आता तारखेची गोष्ट. १९२३ च्या कायद्याप्रमाणे, काम सुटल्यावर दोन वर्षांच्या आत त्या कामाशी निगडित रोगाची लक्षणे दिसली, तर ती पहिल्यांदा आढळली तो दिवस अपघाताचा दिवस धरला जात असे. आबांचे काम ऑगस्ट २०२१ मध्ये सुटले आणि 'सिलिकोसिस' लिहिलेला पहिला कागद नोव्हेंबर २०२३ चा आहे. समोरची बाजू म्हणते, मुदत टळली. वस्तुस्थिती अशी की २०२१ मध्ये टाइम ऑफिसच्या बाहेर एक यादी चिकटवली होती. तीत आबांचे नाव होते आणि पुढे लिहिले होते, 'अनफिट – छाती'. आबांना आपल्या छातीत काही आहे हे डॉक्टरकडून कळले नाही, गेटवरच्या वॉचमनकडून कळले. त्याच आठवड्यात ठेकेदाराने त्यांना थांबवले. त्या यादीचा फोटो ठेकेदाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरला, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या फौंड्रीतही त्यांना कुणी कामाला घेतले नाही. म्हणजे मालकाला कळले, ठेकेदाराला कळले, शेजारच्या शेडमधल्या मुकादमाला कळले. आणि आज आम्ही ती यादी पुरावा म्हणून मागतो, तेव्हा अशी यादी नव्हतीच, असे सांगितले जाते.

याच प्रकरणात समोरच्या बाजूने आबांचा एक जुना केसपेपर दाखल केला. तो त्यांना कसा मिळाला, ते आम्हाला आजतागायत कळलेले नाही. त्यावर 'बिडी ओढतो' एवढी एक ओळ आहे आणि 'व्यवसाय' या रकान्यात लिहिले आहे, 'मजूर'. बिडीने सिलिकोसिस होत नाही, हे वैद्यकशास्त्र शिकलेला कुणीही सांगेल; तरीही त्या एका ओळीवर पूर्ण तारीख खर्ची पडली. जो कागद आम्हाला आमचा म्हणून मिळत नाही, तो त्यांच्या फायलीत निघतो. 'मजूर' या शब्दाविषयीही मला सांगायचे आहे. ऊस तोडणारा मजूर, हमाल मजूर आणि २३ वर्षे सिलिकाच्या धुळीत छिन्नी चालवणारा माणूसही मजूरच. केसपेपर काढणाऱ्या खिडकीवर कुणी एक प्रश्न अधिक विचारला असता, तर दोन वेळची क्षयाची औषधे आणि चार वर्षे वाचली असती.

या बाबतीत माझ्याही हातून चूक झाली आहे आणि ती लपवून हे पत्र लिहिणे मला योग्य वाटत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या रुग्णालयात २२ वर्षांच्या एका मुलाला रात्री आणले. तर्जनीची दोन पेरी गेली होती. सोबत ठेकेदाराचा माणूस होता. सगळी उत्तरे त्यानेच दिली आणि 'घरी दारात बोट सापडले' असे त्याने सांगितले. मुलगा वेदनेने अर्धा शुद्धीवर होता. दुसऱ्या दिवशी तो कागद माझ्या टेबलावर आला. बोट तुटले याचा एक कोड असतो, एस ६८. ते कशाने तुटले याचा दुसरा कोड असतो आणि यंत्रात सापडून तुटले असेल तर तो डब्ल्यू ३१. कागदावर 'दार' लिहिले होते, म्हणून मी दाराचा कोड टाकला आणि पुढचा कागद उचलला. सहा महिन्यांनी त्याची आई आली. मुलगा पॉवर प्रेसवर होता. १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तर्जनीच्या दोन पेरांना कमाई-क्षमतेचे ११ टक्के नुकसान धरलेले होते. पण त्या अकरा टक्क्यांपर्यंत पोहोचायच्या आधी, इजा कामावर झाली हे सिद्ध करायला हवे होते आणि माझ्या हातची नोंद तिच्या विरोधात उभी होती. त्या बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. 'हे बदलता येतं का हो ताई?' एवढेच त्यांनी विचारले. बदलता येत नव्हते.

कर्मचारी राज्य विम्याच्या क्रमांकाचे थोडक्यात लिहिते. आबांचा पहिली नऊ वर्षे विमा उतरवलाच नव्हता. नंतर तीन ठेकेदार बदलले आणि प्रत्येकाने नवा क्रमांक काढला, एकात आडनावाचे स्पेलिंगही वेगळे. विमा क्रमांक माणसाला आयुष्यभर एकच असायला हवा. तीन क्रमांकांमुळे आबांच्या सलग कामाचे तीन तुकडे झाले, आणि सिलिकोसिससारख्या रोगात सलग किती काळ त्या कामावर होता, हेच पाहिले जाते. एका कार्यालयाने आम्हाला दुसरीकडे पाठवले आणि दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे.

या सगळ्याला आता 'डिजिटल' हे उत्तर सांगितले जाते. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ मध्ये सुरू झाले, 'आभा' हा १४ अंकी आरोग्य-खाते क्रमांक आला आणि रुग्णाच्या संमतीशिवाय नोंद पुढे जाणार नाही, असे त्यात तत्त्व आहे. ते मला पटते. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणांसाठी आणि मालकाचे नुकसान किंवा त्याच्यावर येणारी जबाबदारी टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरायला वाट ठेवली आहे. नुकसानभरपाई ही मालकाची जबाबदारीच असते. मग माझ्या भावाच्या छातीचा फोटो मालकाला त्याच्याविरुद्ध वापरता येईल का, याचे स्पष्ट उत्तर आपण द्यायला हवे. २०११ च्या जुन्या नियमांत आरोग्याची माहिती संवेदनशील म्हणून वेगळी काढलेली होती; नव्या कायद्यात तसा वेगळा वर्ग राहिलेला नाही. टोकनाची यादी वहीतून संगणकात गेली, तरी ती कुणाच्या कुलपात आहे हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

मालकाच्या खर्चाने झालेल्या प्रत्येक तपासणीचा पूर्ण अहवाल, फिल्मसह, कामगाराच्या नावाने, डॉक्टरच्या सहीने आणि त्याला समजेल अशा मराठीत पंधरा दिवसांच्या आत थेट कामगाराच्या हाती पडला पाहिजे. फिल्मवर नुसता टोकनाचा आकडा लिहिणे बंद व्हावे. मालकाला फक्त एवढेच कळावे की हा माणूस या कामासाठी योग्य आहे की नाही आणि त्याला कोणत्या कामापासून दूर ठेवायचे. निदान कळू नये. 'अनफिट' याद्या चिकटवणे किंवा मोबाइलवर फिरवणे हा दंडनीय गुन्हा ठरवावा. ज्याला कामामुळे रोग झाला, त्याला अनफिट म्हणून घरी पाठवण्यापूर्वी त्याचा दावा दाखल करून घेणे बंधनकारक असावे.

सिलिका, कापसाची धूळ, शिसे, मोठा आवाज अशा ठिकाणी काम करणाऱ्यांच्या नोंदी जपण्यासाठी १९९५ च्या आदेशातील ४० आणि १५ वर्षांचा नियम राज्याने लागू करावा. कारखाना बंद झाला किंवा विकला गेला तर या नोंदी संचालनालयाच्या ताब्यात द्याव्यात. मालक नोंद हजर करू शकला नाही, तर नोंद नसल्याचा फायदा कामगाराला मिळावा. आज तो नोंद हरवणाऱ्याला मिळतो.

सरकारी, विमा योजनेच्या आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांत केसपेपरवर 'मजूर' लिहून भागवू नये. काम कोणते, किती वर्षे आणि कशाच्या सान्निध्यात, हे तीन रकाने सक्तीचे असावेत. इजा कशी झाली हे जखमी माणसाला स्वतःला, तो बोलण्याच्या स्थितीत आल्यावर, सोबत आणणाऱ्याला बाहेर थांबवून विचारावे आणि उत्तर देणाऱ्याचे नाव नोंदवावे. चुकीची नोंद दुरुस्त करण्याची पद्धत ठरवून द्यावी; जुनी ओळ खोडू नये, नवी ओळ तारखेसह खाली यावी. हे काम एमआरडीतली माणसे करू शकतात, मी रोज ते काम करते.

दाव्यात फक्त त्या इजेशी किंवा रोगाशी संबंधित कागद मागवता यावेत, आयुष्यभराचा इतिहास नव्हे; आणि समोरच्या बाजूला दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत कामगाराला, तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना, विनाशुल्क मिळावी. एकाच माणसाचे अनेक विमा क्रमांक जोडून देण्याचे काम विमा महामंडळाने स्वतः करावे. त्यासाठी आजारी माणसाला जुन्या ठेकेदारांच्या दारात पाठवू नये.

आणखी एक. राजस्थानने २०१९ मध्ये न्यूमोकोनिओसिस, म्हणजे धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगांविषयी, धोरण आणले. तिथला सिलिकोसिसचा रुग्ण ऑनलाइन नोंद करतो, मंडळ तपासते आणि मदत मिळते. महाराष्ट्रात फौंड्र्या आहेत, दगडखाणी आहेत, काच आणि सिरॅमिकचे कारखाने आहेत. कामातून होणाऱ्या रोगांच्या किती सूचना डॉक्टरांकडून आल्या, त्यांतल्या किती जणांना भरपाई मिळाली, याचे जिल्हावार आकडे, कुणाचेही नाव न देता, दरवर्षी प्रसिद्ध करावेत. कोल्हापूर जिल्ह्याचा आकडा शून्य निघाला तर तो का शून्य आहे, हे संचालनालयाने येऊन पाहावे.

या मागण्यांपैकी कोणत्या मान्य आहेत आणि कोणत्या नाहीत, याचे लेखी उत्तर आपण द्यावे, ही विनंती.

आबांची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. सी-४७ ही फिल्म मी जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदात गुंडाळून, ओल लागू नये म्हणून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आहे. आपल्यापैकी कोणत्याही कार्यालयाने ती तपासायला मागवली, तर मी ती घेऊन स्वतः येईन. भावाचे टोकनही सोबत आणीन; त्याच्यावर ए-६३ असे लिहिले आहे आणि मागच्या बाजूला मी त्याचे नाव, तारीख आणि कारखान्याचे नाव पेनने लिहून त्याची सही घेतली आहे.

आपली विश्वासू,
एका फौंड्री कामगाराची मुलगी
कोल्हापूर